चांदणी भाजल्यावरही चांदणीच राहावी : साच्याची बिस्किटे घरच्या घरी



या अंकाचा पाठ नाताळाच्या साच्याच्या बिस्किटांचा आहे. चांदणी, झाड, घंटा असे आकार कापून, भाजून, वरून साखरेची नक्षी काढतात ती बिस्किटे. पाठ मी लिहिते आहे, पण आधी माझी स्वतःची चूक सांगते. कारण पाठ त्या चुकीतूनच तयार झाला.

गेल्या डिसेंबरात आपल्या एका गटाला अशा बिस्किटांची ऑर्डर मिळाली. पाव किलोचे ४० डबे, म्हणजे १० किलो माल. डब्याला ११० रुपये ठरले. गटाने अंतर्गत कर्ज घेतले, सामान आणले. कृती मी दिली. फोनवर एक व्हिडिओ बघितला होता, त्यात सगळं 'कप' मध्ये होतं. मी सांगितलं, "कप म्हणजे आपली वाटीच समजा." चार जणी कामाला बसल्या. चार जणींच्या चार वाट्या. दुपारची वेळ, शेजारी चूल पेटलेली, पीठ मऊ पडलेलं. साच्याने चांदण्या छान कापल्या. ओव्हनमधून बाहेर काढल्या तेव्हा निम्म्याहून जास्त गोल झाल्या होत्या. झाडाचा शेंडा गायब, घंटेची भाकरी झालेली.

कसेबसे २३ डबे भरले. उरलेले १७ देता आले नाहीत. २३ डब्यांचे २,५३० रुपये आले, चुरा आणि वेडेवाकडे तुकडे बाजारच्या दिवशी विकून ४०० आले. खर्च झाला होता ३,७६०. म्हणजे ८३० रुपये खिशातून गेले, आणि तीन दिवसांची मेहनत वेगळी. मला तोंड वर करून बघवेना. तेव्हा गटातल्या एक वयस्कर काकू म्हणाल्या, "मॅडम, चकली आमचीबी हसते कधीमधी. पण हसलेली चकली आम्ही घरात खातो, विकायला नेत नाही."

त्या एका वाक्यात सगळा धडा आहे. घरच्यासाठी अंदाज चालतो. विकायच्या मालाला वजन लागतं. तुमचा अंदाज चुकीचा असतो असं मला म्हणायचं नाही. वीस वर्षं एकाच वाटीने, एकाच हाताने केलेला अंदाज वजनकाट्याइतकाच पक्का असतो. पण गटात चार हात असतात. चार हातांचा माल एकसारखा यायचा असेल तर मधे काटा ठेवावाच लागतो.

ही बिस्किटे मुळात कुठली?

नाताळाला आकाराची बिस्किटे करायची रीत युरोपात जुनी आहे, विशेषतः जर्मनीत. तिथे काही बिस्किटे कोरीव लाकडी साच्याने ठसा उमटवून करतात, काही पत्र्याच्या साच्याने कापतात. जर्मन बोलणारी कुटुंबे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया भागात जाऊन राहिली, तेव्हा ही रीतही त्यांच्याबरोबर गेली. आजही तिथे डिसेंबरात घरोघरी मुलांना जवळ घेऊन बिस्किटे कापतात आणि रंगवतात.

आपल्याकडचा नाताळ वेगळ्या चवीचा. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका आणि कुलकुल. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, लाडू असा दिवाळीसारखाच फराळ असतो. पण आता शाळांचे स्नेहसंमेलन, बालवाडीचे कार्यक्रम, भेटीचे डबे यांसाठी साच्याच्या बिस्किटांनाही मागणी येते. आणि साचा काही फक्त नाताळाचा नाही. पणती केली की दिवाळी, पतंग केला की संक्रांत, चंद्रकोर केली की ईद. कृती एकच. म्हणून ती नीट शिकून घेणे फायद्याचे आहे.

आकार का बिघडतो?

हे समजलं की अर्धं काम झालं. तुम्हाला हे आधीपासून माहीत आहे, फक्त दुसऱ्या पदार्थातून. चकलीत मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते. मोहन कमी पडलं की कडक होते. बिस्किटाचंही तसंच आहे.

बिस्किट ओव्हनमध्ये गेलं की आधी त्यातलं लोणी वितळतं. मैदा त्यानंतर घट्ट बसतो. या दोन्हींच्या मधल्या वेळेत बिस्किट पसरतं. ही मधली वेळ जितकी लांबेल तितकी चांदणी गोल होईल. पसरण्याची मुख्य कारणे चार:

१. लोणी किंवा साखर मापापेक्षा जास्त झाली.
२. जाडी साखर वापरली. ती भाजताना वितळते आणि पीठ सैल करते. पिठीसाखरेने आकार जास्त टिकतो.
३. बेकिंग पावडर किंवा सोडा घातला. नानकटाई फुलून तडकली तर छान दिसते. साच्याचं बिस्किट फुललं की कोपरे जातात. या कृतीत दोन्ही घालायचे नाहीत.
४. पीठ गरम असतानाच भाजायला गेलं, किंवा ओव्हन नीट तापलेला नव्हता. आमचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच झालं.

माप : तीन, दोन, एक

लक्षात ठेवायला सोपं आहे. वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग पिठीसाखर. अंडं नाही, त्यामुळे शाकाहारी घरांतही चालतं.

पहिल्यांदा करताना एवढंच घ्या:

मैदा ३०० ग्रॅम
बिनमिठाचं लोणी (बटर) २०० ग्रॅम
पिठीसाखर १०० ग्रॅम
मीठ एक चिमूट (बटर खारं असेल तर मीठ घालू नका)
वेलची-जायफळाची पूड पाव चमचा, किंवा व्हॅनिला अर्धा चमचा
लागलंच तर थंड दूध एक ते दोन चमचे

पिठीसाखर घरी मिक्सरला काढली तर चाळून घ्या आणि निवू द्या. मिक्सरमधून ती कोमट निघते, तशीच घातली तर लोणी पातळ होतं.

घरचं तूप वापरायचं असेल तर २०० ग्रॅम बटरच्या जागी १६० ग्रॅम तूप घ्या. बटरमध्ये पाण्याचा अंश असतो, तुपात नसतो, म्हणून सरळ बदली करता येत नाही. जी ओल कमी पडते तिच्यासाठी दोन-तीन चमचे थंड दूध घाला. तूप थिजलेलं, रवाळ हवं. वितळवलेलं चालणार नाही.

काही जणी विचारतात, नाचणी घालू का? घाला, पण सुरुवातीला मैद्याच्या चौथ्या हिश्श्यापुरतीच. नाचणीला चिकटपणा नसतो, जास्त झाली तर चांदणीची टोकं डब्यातच मोडतात.

कृती, क्रमाने

१. सगळं सामान आधी काट्यावर मोजून वेगवेगळ्या भांड्यांत काढा. छोटा डिजिटल काटा गटाच्या खर्चातून घ्या. हा या धंद्यातला सगळ्यात उपयोगी खर्च आहे.

२. बटर आणि पिठीसाखर एकत्र होईपर्यंतच फेटा. केकसारखं हलकं, फुगलेलं करायचं नाही. जास्त हवा भरली की बिस्किट आधी फुगतं आणि मग बसतं.

३. चाळलेला मैदा, मीठ, वेलची घालून बोटांनी गोळा करा. इथे हाताला आवर घाला. आपल्याला कणीक तिंबायची सवय. हे पीठ तिंबलं की बिस्किट चिवट होतं आणि भाजताना आकसतं. गोळा जमला की थांबायचं. कोरडं वाटलं तरच दुधाचा चमचा.

४. गोळा हाताने चपटा करा, झाका आणि फ्रीजमध्ये ३० ते ४५ मिनिटं ठेवा. चपटा अशासाठी की आतपर्यंत लवकर थंड होतो. फ्रीज नसेल तर डिसेंबरातली पहाट वापरा. पीठ झाकलेल्या डब्यात ठेवा, डबा परातीत पाणी घेऊन त्यात ठेवा, वरून ओलं फडकं टाका, आणि वारा लागेल अशा सावलीच्या जागी ठेवा. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच हे काम करतं. पाणी डब्यात जाणार नाही एवढं बघा.

५. लाटताना खाली-वर बटर पेपर घ्या. पिठी भुरभुरवत लाटलं तर मैद्याचं प्रमाण वाढत जातं आणि शेवटची बिस्किटं कोरडी होतात. दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर जाडीच्या दोन सारख्या पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरवा. सगळी पोळी आपोआप एका जाडीची होते. जाडी सारखी नसली की एकाच ताटातलं एक बिस्किट करपतं आणि दुसरं कच्चं राहतं.

६. साचा कोरड्या मैद्यात बुडवून झटका, सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. फिरवू नका. आकार जवळजवळ कापा म्हणजे उरलेलं पीठ कमी राहील. उरलेलं पीठ एकदा, फार तर दोनदा पुन्हा लाटा.

साचा विकत घ्यायलाच हवा असं नाही. गोल बिस्किटाला वाटीची कड, नागमोडी कडेला करंजीचं कातणं. वेगळा आकार हवा असेल तर पत्र्याचं काम करणाऱ्याकडून स्टेनलेस स्टीलच्या पट्टीचा साचा वाकवून घ्या, वरची कड दुमडायला सांगा म्हणजे हात कापणार नाही. रंगवलेला किंवा गंजणारा पत्रा नको. पहिला साचा जाड टोकांचा निवडा. बारीक टोकांची चांदणी दिसायला सुंदर, पण टोकं आधी करपतात आणि आधी मोडतात.

७. कापलेली बिस्किटं ताटासकट पुन्हा १० ते १५ मिनिटं थंड करा. घाईत हीच पायरी सुटते. तेवढ्या वेळात ओव्हन तापवा.

८. ओव्हन १७० अंशांवर १० मिनिटं आधी तापवलेला हवा. मग १२ ते १४ मिनिटं भाजा. एका ताटात एकाच मापाची बिस्किटं. कडा फिकट सोनेरी झाल्या की काढा. मधे हात लावला तर बिस्किट मऊ लागेल, घाबरू नका आणि परत आत ढकलू नका. ते निवताना कडक होतं. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून पहिल्या ताटाची वेळ वहीत लिहून ठेवा.

९. पाच मिनिटं ताटातच राहू द्या, मग जाळीवर काढा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. आत वाफ धरली की दुसऱ्या दिवशी बिस्किट नरम आणि पुढे बुरशीची भीती.

ओव्हन नसेल तर

शिकण्यापुरतं जुन्या जाड कुकरमध्ये किंवा कढईत जमतं. तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर रिंग. कुकरची शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवा. झाकण ठेवून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग ताटली आत ठेवून मंद आचेवर १५ ते २० मिनिटं. एका वेळी सहा-आठ बिस्किटंच होतात. म्हणून कुकरच्या भरवशावर मोठी ऑर्डर घेऊ नका. गावात वीज कधी जाते तेही ऑर्डर घेण्याआधी बघा. निम्म्या भाजणीत वीज गेली तर ते ताट वाया जातं.

वरची नक्षी

१०० ग्रॅम चाळलेल्या पिठीसाखरेत पाणी एकेक चमचा घाला, साधारण तीन ते चार छोटे चमचे पुरतात. चमच्याने रेघ ओढली तर ती तशीच थांबली पाहिजे, वाहता कामा नये. पाण्याऐवजी दूध घातलं तर माल कमी दिवस टिकतो.

हे मिश्रण भरायला प्लॅस्टिकचा नवा, स्वच्छ कोन करा, अगदी मेंदीच्या कोनासारखा. या कामात मुलींचा हात आपल्यापेक्षा पुढे असतो, त्यांना बोलवा. मात्र मेंदीचा वापरलेला कोन धुऊन घेऊ नका. रंग खाण्याचाच हवा, पाकिटावर तसं लिहिलेलं आणि अन्नसुरक्षा क्रमांक असलेला. सुईच्या टोकाएवढा पुरतो. रांगोळीचा किंवा होळीचा रंग कधीही नाही. बिटाच्या रसाचा गुलाबी आणि चिमूटभर हळदीचा पिवळाही चांगला दिसतो, फक्त बिटाचा रंग काही दिवसांनी फिका पडतो. नक्षी काढलेली बिस्किटं उघड्यावर जाळीखाली काही तास वाळू द्या. रेघ बोटाला लागेनाशी झाली की भरा.

आता हिशोब. हा भाग सोडू नका.

आकार बिघडला तो तोटा सगळ्यांना दिसला. पण त्या ऑर्डरमध्ये दुसराही एक तोटा होता आणि तो कुणालाच दिसला नव्हता. मलाही नाही. वही घेऊन बसलो तेव्हा कळलं.

एका वेळचा घाणा असा : मैदा ९०० ग्रॅम, बटर ६०० ग्रॅम, पिठीसाखर ३०० ग्रॅम. पीठ झालं १,८०० ग्रॅम. भाजताना वजन घटतं, थोडी मोडतोड होते. विकण्यासारखा माल धरला १,५०० ग्रॅम, म्हणजे पाव किलोचे ६ डबे. आमच्याकडे गेल्या वर्षी पडलेल्या दराने खर्च मांडते, तुम्ही तुमचे दर टाका.

मैदा, बटर, साखर, वेलची, नक्षीचं सामान : ४२२ रुपये
वीज : ३० रुपये
डबे आणि चिठ्ठ्या, ६ नग, १२ रुपयांप्रमाणे : ७२ रुपये
येणं-जाणं, भांड्यांची झीज : ४० रुपये
एकूण : ५६४ रुपये. म्हणजे डब्याला ९४ रुपये.

आम्ही डबा ११० ला दिला. ९४ चा माल ११० ला, म्हणजे १६ रुपये नफा, असं वाटलं. आता पुढे बघा. या सहा डब्यांना दोन बायका चार-चार तास लागल्या. मिळून आठ तास. सहा डब्यांचा नफा ९६ रुपये. आठ तासांना ९६ रुपये, म्हणजे ताशी १२ रुपये! एकही चांदणी बिघडली नसती, चाळीसच्या चाळीस डबे गेले असते, तरी आपल्या हातात ताशी १२ रुपयेच पडले असते. बैठकीत हा आकडा मोठ्याने वाचला तेव्हा एक ताई म्हणाली, "मग निंदायलाच गेले असते की."

आपण घरातलं काम आयुष्यभर फुकट करतो, म्हणून धंद्यातही आपल्या तासांची किंमत लिहायची आठवण राहत नाही. खर्चाच्या यादीत मैदा असतो, वीज असते, पुठ्ठ्याचा डबा असतो. बाई नसते. ही ओळ यादीत घाला.

ताशी ५० रुपये धरले तर आठ तासांचे ४०० रुपये. ५६४ आणि ४०० मिळून ९६४. सहा डब्यांत भागले की डब्याला सुमारे १६१ रुपये. त्यावर १५ टक्के गटाचा नफा, म्हणजे २४ रुपये. दर झाला १८५ रुपये. नफा आणि मजुरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मजुरी काम करणारीची, नफा गटाचा. पुढचं सामान, काटा, बिघडलेलं ताट हे सगळं त्या नफ्यातून भागतं.

तुम्ही म्हणाल, १८५ ला कोण घेणार? रास्त प्रश्न आहे. आम्हाला एका दुकानदाराने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. त्यावर तीन वाटा आहेत.

पहिली, डबा लहान करा. १०० ग्रॅमचं पाकीट याच हिशोबाने ८० रुपयांच्या आत बसतं. भेट द्यायला तेही छान दिसतं.

दुसरी, हात बसवा. आठ तासांचं काम सरावाने सहा तासांत झालं तर मजुरी ३०० होते आणि १५ टक्के नफा धरूनही डबा सुमारे १६५ ला पडतो. मजुरीचा दर कमी न करता किंमत कमी झाली. एकीने फक्त लाटायचं, एकीने कापायचं, एकीने भट्टी सांभाळायची अशी वाटणी केली की वेळ वाचतो.

तिसरी, गिऱ्हाईक योग्य निवडा. रोजच्या चहाच्या बिस्किटाशी आपली बरोबरी नाही, कारखान्याच्या दराला आपण पुरणार नाही. आपला माल सणाचा, हाताने नक्षी काढलेला, ऑर्डरप्रमाणे आकाराचा. तो तिथेच विकायचा जिथे कुणाला नेमकं तेच हवं आहे. दुकानातून विकणार असाल तर दुकानदाराचं कमिशन वेगळं धरा.

बटरऐवजी वनस्पती तूप घालून खर्च कमी करणे ही चौथी वाट बरेच जण सुचवतील. चव उतरते, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण वनस्पती घातलं असेल तर चिठ्ठीवर वनस्पतीच लिहा. 'शुद्ध तुपातील' किंवा 'बटर बिस्किट' लिहून गिऱ्हाईक एकदाच फसतं. दुसऱ्यांदा ते येत नाही.

विकण्याआधी : नोंदणी आणि चिठ्ठी

खाण्याचा माल विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवी. आपल्यासारख्या लहान घरगुती उद्योगाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. त्याची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरतात. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा तयार ठेवा. १४ आकडी क्रमांक मिळतो, तो प्रत्येक पाकिटावर छापायचा.

चिठ्ठीवर हे लिहा : पदार्थाचं नाव, घटक (सगळ्यात जास्त वजनाचा आधी), निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, घाणा क्रमांक, गटाचं नाव-पत्ता-फोन, शाकाहारी असल्याची हिरवी खूण आणि नोंदणी क्रमांक. 'यात गहू आणि दूध आहे' हेही ठळक लिहा. काही मुलांना हे पदार्थ सोसत नाहीत, त्यांच्या आईला ते कळलं पाहिजे.

किती दिवस टिकतं हे दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नका. आपल्या प्रत्येक नव्या कृतीची चार-पाच पाकिटं बाजूला ठेवा. दर आठवड्याला एक उघडा. कुरकुरीत आहे का, खवट वास येतो का, नक्षीचा रंग सुटला का, तारखेसह लिहा. ज्या आठवड्यात पहिला दोष दिसेल त्याच्या बऱ्याच आधीची मुदत चिठ्ठीवर टाका.

ऑर्डर घेताना

तोंडी बोलणं पुरत नाही. नमुन्याची दोन बिस्किटं गिऱ्हाइकाच्या हातात द्या, "असाच माल मिळेल" म्हणा, मगच होकार घ्या. संख्या, आकार, दर, द्यायची तारीख कागदावर लिहा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या. नाताळ २५ डिसेंबरला असतो, पण शाळांचे कार्यक्रम त्याच्या आधीच उरकतात, म्हणून तारीख विचारून घ्या. पेलेल त्याच्या तीन चतुर्थांश एवढीच ऑर्डर घ्या. उरलेला चौथा हिस्सा वीज जाण्यासाठी, कुणाचं मूल आजारी पडण्यासाठी, आणि करपलेल्या ताटासाठी.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. प्रत्येकीने घरून आपली वाटी आणावी. प्रत्येक वाटीभर मैदा काट्यावर तोलून फळ्यावर लिहावा. आमच्या चार वाट्यांचं काय झालं ते तुम्हाला न सांगताच समजेल.
२. एकाच पिठाच्या सहा चांदण्या कापा. तीन थंड करून भाजा, तीन तशाच भाजा. शेजारी ठेवून बघा.
३. तुमचा गट जो पदार्थ विकतो, मग तो पापड असो, लोणचं असो की चटणी, त्याचा हिशोब मजुरीची ओळ घालून मांडा. ताशी किती पडले ते सचिव ताईंनी नोंदवहीत लिहावं.

तिसरा मुद्दा करताना कदाचित सगळ्या गप्प होतील. आमच्याकडेही झाल्या होत्या. आकडा लहान निघाला तर लाजू नका आणि खोडूही नका. दर वाढवायचा, वेळ कमी करायचा की तो पदार्थच सोडायचा, हे आकडा समोर असल्याशिवाय ठरवता येत नाही.

त्या गटाने नंतर काम सोडलं नाही, हेही सांगायला हवं. ८३० रुपये चौघींनी वाटून भरले. मी माझा वाटा देऊ केला, तर काकूंनी हातावर परत ठेवला आणि म्हणाल्या, "त्याचा काटा आणा." काटा आणला. यंदा दिवाळीत त्यांनी पणतीच्या आकाराची बिस्किटं केली. ऑर्डर लहान घेतली, पण सगळे डबे वेळेवर गेले आणि वहीत मजुरीची ओळ सगळ्यात वर होती. आता त्या नाताळाच्या चांदण्यांची तयारी करत आहेत.

तुमच्या गटात करून बघा. पहिलं ताट बिघडलं तर खा, दुसरं ताट मोजून करा. वह्या तपासायला मी येणारच आहे, तेव्हा चहाबरोबर एक चांदणी माझ्यासाठी ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक